एका चुलीचं घर

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आज टाकला. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला तो दुपारी तीनला थांबला. बसडेपोत तीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या, पण आजच्यासारखं समाधान कधी वाटलं नव्हतं. निवृत्त झालो त्या दिवशी हेडक्लार्कने डेपोचं एक कोरं रजिस्टर आठवण म्हणून दिलं होतं. त्यात आजपासून लिहितो आहे. खरं तेच लिहायचं आणि खाडाखोड करायची नाही, ही जुनी सवय.

निपाणीतल्या आमच्या बोळात सहा बिऱ्हाडांचं हे घर उभं राहतंय. जागा माझ्या नावावर, कष्ट सगळ्यांचे. तळाला वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका. तिच्या मागच्या बाजूला मी आणि सोनुबाई, कारण बायकोच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. वर पाच बिऱ्हाडं. मष्णू गवंडी, हायस्कुलातला मास्तर अमरदीप, समर्थ आणि सौरव हे सख्खे भाऊ, आणि जयाबाई. जयाबाई चाळीस वर्षं विड्या वळते. नवरा गेला, मूल नाही. तिची एकच खोली, पण गॅलरीसकट.

सोनुबाईने आज सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. "ज्या दिशी मीटर बसंल, लाईट यील, त्या दिशी सगळ्यांचं जेवाण माझ्या चुलीवर. कुणी आपली चूल पेटवायची न्हाय."

मष्णू म्हणाला, "वैनी, मटान का?"

"मटान आमास्नी, रस्सा तुला."

संध्याकाळी बेळगावहून पारमिताचा फोन आला. आमची एकुलती. अनगोळात खोली घेऊन राहते, एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात सिव्हिल इंजिनिअर आहे. स्लॅबचं कौतुक करील म्हटलं, तर विचारते, "आप्पा, नकाशा कशाखाली मंजूर करून घेतलाय?"

"राहत्या घराखाली. एका कुटुंबाचं घर."

"आप्पा, सहा स्वयंपाकघरं आणि खाली बाहेरची पोरं येणार. ह्याला घराचे नियम लागत न्हाईत. हे दुसऱ्या सदरात जातंय."

मी म्हणालो, "आपण काय मॉल बांधतोय का गं?" आजकालच्या पोरांना सगळीकडे सदरं दिसतात, माणसं दिसत नाहीत.

९ मार्च, रविवार

पारमिता तेच तेच बोलते, दुसरा जिना काढाच म्हणते, म्हणून एकदा इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

नकाशा काढणारा नागेंद्र बेळगावकडचा, घरात कन्नड बोलणारा. मराठी बरी बोलतो. गेल्या वर्षी मी त्याला सहा बिऱ्हाडांचं सगळं सांगितलं होतं. त्याने कपाळाला हात लावला. "सर, अपार्टमेंट म्हटलं की सगळंच बदलतंय. रस्ता रुंद पाहिजे. चारी बाजू मोकळ्या सोडा. दोन जिने पाहिजेत. आगीचा दाखला आणा. खाली लोकं जमणार म्हटलं तर त्याचं आणि निराळं. तुमच्या बोळात रिक्षा आली तर म्हैस थांबवावी लागते. घर म्हणून घाला, बेगा बेगा, पटापट पास होतंय."

मग त्याने प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला. आम्ही सर्व एकत्र कुटुंबातील असून घरात एकच स्वयंपाकघर राहील. मी सही केली. का केली, तेही लिहून ठेवतो. मी शाळेत असताना तंबाखूच्या वखारी बंद पडल्या, संप चालला, तेव्हा ह्याच बोळात आमच्या सगळ्यांच्या आयांनी घराघरातलं पीठ एका पातेल्यात ओतलं आणि रस्त्यावर एकच चूल मांडली. किती दिवस, आठवत नाही. मष्णूचा बाप आणि माझा बाप एका ताटात जेवले. चूल वेगळी तर घर वेगळं, चूल एक तर घर एक, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मग मी खोटं कुठे लिहिलं?

पारमिताला हे सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, ते ओटे मोजतात. मनं मोजत न्हाईत." फोनवर बोलायला तिला चांगलं जमतं.

२३ मार्च, रविवार

पाटीची ऑर्डर दिली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, कोल्हापुरातला कारागीर. वर मोठ्या अक्षरात "मैत्री निवास". खाली सहा नावं मजल्यांसकट. अगदी खाली, "तळमजला : सार्वजनिक अभ्यासिका व सभागृह".

खर्चिक आहे, असं अमरदीप म्हणाला. असू दे. नोकरी लागल्यावर मी बेळगावात तीन महिने खोली शोधत हिंडलो होतो. खोली दाखवायचे, पाणी किती वाजता येतं तेही सांगायचे. मग आडनाव विचारायचे आणि मग त्यांचा भाचा शिकायला येणार असायचा. बेळगावात एवढे भाचे एकदम कुठून शिकायला आले, मला आजवर कळलेलं नाही. तीन महिने मी डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत झोपलो. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस माझं नाव दारावर असेल आणि लांबून वाचता येईल.

जयाबाईला विचारलं, पाटीवर नवऱ्याचं नाव घालू का? म्हणाली, "माझंच घाला आण्णा. निस्तं जयाबाई. ते आता न्हाईत, आन् मी हाय." मग जराशाने म्हणाली, "लई मोठं नको हं. बारीक चालंल."

मी कारागिराला फोन करून सांगितलं की सगळी अक्षरं एकाच मापाची.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीच्या दिवशी पाटी लागली. सकाळी बोळात वंदना झाली, मग जयाबाईच्या हातून पडदा सारला. ती पाटीसमोर उभी राहिली आणि आपल्या नावावरून बोट फिरवू लागली. वाचता येत नाही तिला. चौथी ओळ तिची, हे मी सांगितलं होतं, तेवढं लक्षात ठेवून बरोबर तिथेच बोट नेलं. मला भरून आलं. सगळ्यांदेखत डोळे पुसले, आणि त्याची लाज वाटली नाही.

नागेंद्र आला होता. पाटीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. "सर, हे आत्ताच लावलं? दाखला यायच्या आधी?" असं म्हणाला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. न जेवताच गेला. सोनेरी अक्षरं बघून भल्याभल्यांच्या पोटात दुखतं.

पारमिता आली नाही. साइटवर काम आहे म्हणाली. सुट्टीच्या दिवशी कसलं काम?

५ मे, सोमवार

उद्या पालिकेकडून पाहणी आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय वीज नाही आणि नळ नाही. आजवर बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर भागवलं. नागेंद्र परगावी आहे. त्याने फोनवर सांगितलं, "ओटे तेवढे लपवा सर. एक ओटा म्हणजे एक घर, असं ते लिहितात."

मग दिवसभर नाटक कंपनीसारखं चाललं होतं. मष्णूने आपल्या ओट्यावर गादी घातली आणि पलंगपोस अंथरला. अमरदीपने ओट्यावर पुस्तकं रचली. समर्थच्या बायकोने शिलाई मशीन वर चढवलं. सौरवच्या घरात ओट्याला पडदा लावला. जयाबाईचा ओटा हातभरच, त्यावर तिने बाबासाहेबांची तसबीर ठेवली आणि म्हणाली, "आता कुनाची टाप हाय हितं चूल हाय म्हनायची!" सगळे पोट धरून हसले.

दुपारचा स्वयंपाक खरोखरच सोनुबाईच्या एका चुलीवर झाला. गच्चीवर सतरा माणसं जेवायला बसली. पिठलं, भाकरी, खर्डा. मला माझ्या आईची आठवण झाली.

संध्याकाळी मष्णू म्हणाला, "आण्णा, पाटीवर गोणपाट टाकू का?"

"का रं? धूळ बसते म्हणून?"

तो पाटीकडे बघत म्हणाला, "व्हय. धूळच की."

"बसू दे. पुसून घेऊ." गड्याला पाटीची माझ्यापेक्षा जास्त काळजी.

६ मे, मंगळवार

पास! म्हणजे कागद हातात नाही, पण पास झाल्यातच जमा.

सौम्या मॅडम नावाची तरुण बाई आली होती. फार सभ्य. वर जाऊन आली, खोल्या बघितल्या. जयाबाईच्या तसबिरीला तिने हात जोडले. जिन्याची रुंदी टेपने मोजली, बोळाची मोजली. माझ्याशी मराठीत बोलली आणि मी तिच्याशी कन्नडमध्ये, तेव्हा तिला हसू आलं. डेपोत शिकलेलं कन्नड कुठे तरी उपयोगी पडायचंच. "एकच कुटुंब ना सर?" म्हणाली. मी म्हणालो, "एकच. भांडलो तरी एकच."

शेवटी दर्शनी बाजूचा फोटो काढायचा होता. पाटीवर केबलची एक वायर लोंबकळत होती, नावं झाकत होती. मी मष्णूला बांबूने वायर वर धरायला सांगितली. तो जागचा हलेना, ऐकूच न आल्यासारखा. शेवटी मीच बांबू घेतला आणि म्हणालो, "मॅडम, आता काढा. नावं सगळी आली पाहिजेत." तिने माझ्याकडे बघितलं. "नक्की सर?" मी म्हणालो, "नक्की." तिने दोन फोटो काढले.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सहाही बिऱ्हाडं राहायला आली. कागदाची वाट बघत जुन्या जागेची भाडी किती दिवस भरणार? सगळ्यांनी जुन्या खोल्या सोडल्या. जयाबाई एक ट्रंक, एक सूप आणि तुळशीएवढं कढीपत्त्याचं झाड घेऊन आली. झाड गॅलरीत ठेवलं.

मीटर नसल्यामुळे सोनुबाईचं जेवण राहिलंय. "हुईल की," म्हणाली, "कुटं पळतंय?"

१९ जून, गुरुवार

नोटीस आली. कन्नडमध्ये. मीच मोठ्याने वाचून सर्वांना सांगितली.

मंजुरी एका कुटुंबाच्या राहत्या घराची. प्रत्यक्षात स्वतंत्र बिऱ्हाडं सहा आणि तळाला सार्वजनिक वापराचं सभागृह. हे घराच्या नियमांत बसत नाही. समूहगृह आणि सार्वजनिक इमारत म्हणून बघितलं तर रस्ता अरुंद, मोकळी जागा अपुरी, दुसरा जिना नाही. दाखला नामंजूर. वापर मंजुरीप्रमाणे करा, नाहीतर वरचं बांधकाम काढून टाका. तात्पुरती वीज बंद करण्यात येईल.

सोबत फोटो जोडलेत. फोटोत पाटी मात्र स्पष्ट आली आहे, एकेक अक्षर वाचता येतं.

कुणी तरी चुगली केली. त्याशिवाय त्यांना सहा हा आकडा कुठून कळणार? ओटे तर झाकलेले होते. मी हे बोललो तेव्हा सगळे खाली बघत बसले. अमरदीप काही तरी बोलणार होता, त्याला जयाबाईने कोपर मारलं. बिचारे घाबरलेत.

४ जुलै, शुक्रवार

वायरमन आला आणि तात्पुरती लाइन तोडून गेला. मोटर बंद म्हणून टाकीत पाणी नाही. बायका खालून घागरी नेतात. तीन फुटी जिना. एक वर जात असली की दुसरीला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. आज सौरवची बायको आणि जयाबाई जिन्यात अडकल्या, घागर कलंडली, सगळा जिना ओला. पारमिताचा दुसऱ्या जिन्याचा हट्ट आठवला. तिला सांगणार नाही.

चुगली करणारा मला सापडलाय. समोरचा गिरणीवाला महादेव. पाटी लागली त्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहून बघत होता. आजपासून दळण त्याच्याकडे द्यायचं नाही, असं सोनुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "अवं, त्येच्याच बोअरचं पानी प्यालोय आपण म्हयनाभर." मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार

काल पारमिता रजा घेऊन आली. आल्या आल्या तिने बोळ मोजला, चारी भिंती मोजल्या, रात्रीपर्यंत कागदावर रेघा मारत बसली. आज सकाळी म्हणाली, "आप्पा, बाहेरून लोखंडी जिना काढला तरी तो दुसऱ्याच्या जागेत उतरतोय. आणि बोळ? समोरची सगळी घरं पाडल्याशिवाय बोळ रुंद हुईत न्हाय."

"मग तू शिकलीस कशाला?" असं माझ्या तोंडून गेलं. ती रडली नाही, कागद गुंडाळला.

मग दोघं पालिकेत गेलो. सौम्या मॅडमनी खुर्ची दिली. मी म्हणालो, "मॅडम, माझी एकच विनंती. तक्रार कुणी केली तेवढं सांगा."

"तक्रार नाहीच आली सर."

"मग सहा बिऱ्हाडं?"

तिने फाइल उघडली आणि फोटो माझ्याकडे फिरवला. मग हळू म्हणाली, "सर, मी ओटे बघितले होते. गाद्या घातलेले. माझ्या आजोळी पण असंच एक घर आहे. मी एकच स्वयंपाकघर लिहिणार होते. पण फोटो वर जातो. वरच्यांनी वाचलं. मी तुम्हाला विचारलं होतं, नक्की का म्हणून."

पारमिताने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायचो. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाटी मीच लावली. वायरसुद्धा मीच वर धरली.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिलो.

जयाबाई म्हणाली, "आमास्नी ठावं हुतं आण्णा. नोटीस आली त्याच दिशी. मला वाचाय येत न्हाय, तरी फोटू बघून कळालं."

"मग बोलला का नाहीत? महिनाभर मी महादेवला शिव्या घालतोय!"

"कसं सांगायचं? तुमी किती हौसंनं लावलासा. आन् माझं नाव हुतं की त्येच्यावर."

मी म्हणालो, मला शिव्या द्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मष्णू उठून आत गेला आणि चहा घेऊन आला.

१३ ऑगस्ट, बुधवार

जोंधळे घेऊन स्वतः गिरणीत गेलो. काय बोलायचं ते जाताना ठरवलं होतं. महादेव म्हणाला, "टाका आण्णा हिकडं. बारीक का मध्यम?" मी म्हणालो, बारीक.

७ सप्टेंबर, रविवार

अमरदीप गेला. त्याची मोठी मुलगी आरोही यंदा दहावीला. चार्जिंगच्या दिव्यावर किती दिवस वाचणार? बायकोच्या माहेरची खोली कागलात रिकामी होती. कोगनोळी नाक्याच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. रोज शाळेला इकडे येतो म्हणाला. टेम्पोत सामान भरताना हसून म्हणाला, "आण्णा, सीमाप्रश्न माझ्यापुरता सुटला." मलाही हसू आलं, आणि मी पुस्तकांचं एक खोकं उचलून टेम्पोत ठेवलं.

टेम्पोतून आरोही ओरडली, "आजोबा, अभ्यासिका चालू झाली की सांगा. मी बसनं येईन."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

समर्थ आणि सौरव एकाच दिवशी गेले. सख्खे भाऊ, पण समर्थ बदली मागून बेळगावला आणि सौरव सासुरवाडीला. त्यांच्या आईने मरताना सांगितलं होतं की एका छताखाली राहा. पाच महिने राहिले.

जाताना सौरवने दाराची किल्ली दिली. मी म्हणालो, ठेव तुझ्याकडेच, खोली तुझीच आहे. तो म्हणाला, "माझीच हाय आण्णा. म्हनूनच तुमच्याकडं ठेवतोय." त्यांचा भाग त्यांच्याकडे कागदावर नाही, माझ्या शब्दावर आहे. तो शब्द मी पाळीन. पण त्यांना इथे राहू देणं माझ्या हातात नाही, आणि राहायला मिळत नसेल तर तो भाग त्यांनी काय चाटायचा?

मुदत डिसेंबरअखेर. मंजुरीप्रमाणे एकच बिऱ्हाड ठेवलं, जादा ओटे काढले, खालचा सार्वजनिक वापर बंद केला, तर घर घराच्या नियमात बसतं. नाहीतर वरचे मजले पाडायचे. पारमिताने वकिलाला विचारलं, तोही हेच म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

जयाबाईला जुनी खोली परत मिळाली नाही. महिनाभर ती नवी शोधत होती, मला पत्ता लागू दिला नाही. काल मष्णूकडून कळलं. तीन ठिकाणी आडनाव विचारलं. एका ठिकाणी भाचा शिकायला येणार आहे म्हणाले.

मी तिला म्हणालो, "तू जायचं नाही. एकटी बाई, तुझी चूल ती केवढी. आमच्यात जेव, वर झोप. कोण मोजतंय?"

"मोजत्यात आण्णा. माझ्यापायी मष्णूचं, सगळ्यांचं घर पडाय नको. भैनीचा ल्योक कडोलीला हाय. ये म्हनलाय."

"तिथं विड्या मिळतात का वळायला?"

"हात हायत की. दुसरं कायतरी."

सोनुबाई जिना चढून वर गेली. गुडघ्यांचं असं असताना पहिल्यांदाच गेली. दोघी गॅलरीत बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. उतरताना तिच्या हातात कढीपत्त्याचं झाड होतं. जाताना जयाबाई पाटीसमोर थांबली, चौथ्या ओळीवर बोट टेकलं आणि कपाळाला लावलं.

मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. तीस वर्षं लोकांना गाडीत बसवलं. आज हात हलवायलाही जमलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मष्णूने स्वतः बांधलेले ओटे स्वतः फोडले. मी म्हणालो, दुसरा गवंडी लावतो. म्हणाला, "दुसरा फरश्यासकट तोडंल. मी निगुतीनं काढतो." जयाबाईचा ओटा शेवटी काढला. तो फोडताना त्याने पंखा नसलेल्या खोलीत दार लावून घेतलं.

मग शिडी लावून पाटी उतरवली. भिंतीला टेकवून ठेवावी तर नावं दिसतात. अभ्यासिकेत नेली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. त्या खोलीला कुलूप लावलं.

उद्या मष्णू कुटुंबासकट जुन्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत जाणार. शेवटचा तोच. मी विचारलं, "मष्ण्या, त्या दिवशी गोणपाट टाकतो म्हणालास, तेव्हा स्पष्ट का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुमी काढली असतीसा पाटी," तो म्हणाला. "मलाबी ती काढाविशी वाटंना."

१३ जानेवारी २०२६, मंगळवार

सौम्या मॅडम पुन्हा आल्या. वर जाऊन लगेच खाली आल्या. बघायला काही नव्हतंच. फॉर्म मीच भरला. वापर, राहण्यासाठी. कुटुंब, एक. स्वयंपाकघर, एक. राहणारी माणसं, दोन.

"एवढ्या घरात दोघंच, सर?"

"दोघंच."

दर्शनी बाजूचा फोटो काढला. पाटीच्या जागी चार भोकं होती, ती मष्णूने सिमेंटने बुजवलीत. केबलची वायर अजून तशीच लोंबकळते. कुणीच ती वर धरली नाही.

प्रतिज्ञापत्रावर हेच लिहिलं होतं, तेव्हा ते कागदावर खोटं होतं आणि घरात सतरा माणसं जेवत होती. ह्या वेळी प्रत्येक रकाना खरा आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

परवा दाखला आला, आज मीटर बसलं. संध्याकाळी सहाला लाइट आली. मी सगळ्या खोल्यांतली बटणं दाबून बघितली. सगळी लागली. वायरिंगही मष्णूचंच काम आहे.

खाली आलो तर सोनुबाईने चूल पेटवलेली. मोठं पातेलं काढलेलं, मटण सकाळीच आणून ठेवलं होतं तिने, मला न सांगता. पीठ मळत होती, परातभर.

"फोन लावा," म्हणाली. "कागल काय लांब न्हाय. मष्णू तर हितंच हाय. जयाबाईला शेवटची गाडी घावती अजून. मी बोललेली हाय, लाईट यील त्या दिशी म्हनून."

मी फोन हातात घेतला. जयाबाईच्या भाच्याचा नंबर काढला. आणि मग बोळाकडे बघितलं. सगळ्या खिडक्यांत उजेड, दारात सहा घरांच्या चपला, आणि कुणी तरी येऊन फोटो काढतंय, असं डोळ्यासमोर आलं. दाखल्यावर अट आहे, पुन्हा असं आढळल्यास रद्द.

मी म्हणालो, "नको बोलवायला. परवाच कागद आलाय. जरा दिवस जाऊ देत."

तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, असं तिने कधी बघितलं नव्हतं. परात पुढे ओढली आणि भाकऱ्या थापायला लागली. मी वर जाऊन पाचही बिऱ्हाडांतले दिवे बंद करून आलो.

आत्ता हे लिहितोय आणि ती अजून थापते आहे. मी मोजल्या. तीस झाल्या. थांब म्हणायला तोंड उघडत नाही.